बापाशीक कोण शिकवतलो?

(मालवण येथे महिला मंडळांच्या आणि बचत गटांच्या कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन. मुलींची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

मला आज बोलायला सांगितलं तेव्हा विषय दिला होता, 'आक्रमक वर्तन असलेल्या किशोरवयीन मुलींसाठी कौशल्याधारित उपचार'. एवढं लांब नाव ऐकून मागच्या रांगेतल्या दोघीतिघी चहाच्या किटलीकडे बघायला लागल्यात, ते मला दिसतंय. म्हणून साध्या शब्दांत सांगते. जिच्याबद्दल घर म्हणतं 'ही हाताबाहेर गेली', शाळा म्हणते 'दाखला घेऊन जा', आणि शेजारीण म्हणते 'हिका भायरचा लागलाहा', त्या मुलीबद्दल मी बोलणार आहे.

मी समाजकार्यात एम.एस.डब्ल्यू. केलं. गेली चार वर्षं या किनाऱ्यावरच्या गावांत किशोरी मुलींचे गट घेते. मी डॉक्टर नाही आणि कुणा मुलीला आजाराचं नाव देण्याचा अधिकार मला नाही. तो मानसोपचारतज्ज्ञाचा किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञाचा. माझं काम त्यांच्याकडे पाठवण्याचं, आणि तिथून परत आल्यावर मुलीबरोबर बसण्याचं. आज मला यशोगाथा सांगायची नाही. माझी एक चूक सांगायची आहे. पण त्याआधी थोडी पार्श्वभूमी.

डॉक्टरांच्या वर्गीकरणात या वागण्याला दोन मुख्य नावं आहेत. एक आहे विरोधी वर्तनाचा विकार. सतत चिडणं, मोठ्यांशी वाद घालणं, नियम धुडकावणं, दुसऱ्यावर दोष ढकलणं, डूख धरणं अशा आठ लक्षणांपैकी निदान चार, निदान सहा महिने दिसली पाहिजेत. दुसरा त्याहून गंभीर, आचरणाचा विकार. त्यात मारामारी, चोरी, नासधूस, घरातून पळून जाणं येतं. तेराव्या वर्षाआधीच आईबापांच्या मनाईला न जुमानता रात्री बाहेर राहणं हेही त्यात एक लक्षण आहे.

आता हे लक्षण आपल्या गावात आणून बघा. जत्रेत रात्रभर दशावतार चालतो. दहा-बारा वर्षांचा मुलगा पहाटेपर्यंत बसला तर आजोबा कौतुकाने सांगतात, 'नातवाक नाटकाचो नाद हा.' त्याच वयाची मुलगी घरी न सांगता गेली तर दुसऱ्या दिवशी तिच्या पाठीवर वळ असतात. मनाई कुणाला केली जाते, यावर लक्षण कुणात दिसतं हे ठरतं. वर्गीकरण खोटं आहे असं मी म्हणत नाही. खरोखर त्रासात असलेल्या, स्वतःला आणि दुसऱ्याला इजा करणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. पण यादी वाचणाऱ्याच्या डोळ्यांवर समाजाचा चष्मा असतो, एवढं लक्षात ठेवू या.

कायद्यालाही हा चष्मा होता. १९८६ च्या बाल न्याय कायद्यात सतरावं कलम होतं. आईबापांनी मंडळापुढे तक्रार करायची की हे मूल आमच्या ताब्यात राहत नाही, आणि मंडळाला चौकशीअंती पटलं तर त्याला निरीक्षणगृहात पाठवता येत असे. म्हणजे मुलाने काही गुन्हा केलेला असायलाच हवा असं नव्हतं. २००० च्या कायद्याने तो कायदा गेला, त्यानंतरचाही गेला, आणि जानेवारी २०१६ पासून २०१५ चा कायदा लागू आहे. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक कोण, हे ठरवताना आता पालक सांभाळायला असमर्थ किंवा अपात्र आहेत का, हेही पाहिलं जातं. कायद्याची नजर मुलावरून पालकांवर थोडी तरी सरकली. आपल्या घरांची मात्र अजून सरकायची आहे.

आता उपचाराकडे येते. मार्शा लिनेहान नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ. आत्महत्येचे विचार पुन्हापुन्हा येणाऱ्या स्त्रियांबरोबर काम करताना त्यांनी एक पद्धत घडवली आणि १९९३ साली तिचं पुस्तक आणलं. पुढे २०११ साली त्यांनी जाहीरपणे सांगितलं की सतराव्या वर्षी त्या स्वतः मनोरुग्णालयात होत्या, एकांत खोलीत बंद होत्या. जिला आवरता येत नाही म्हणून कोंडलं, तिनेच आवरण्याची कौशल्यं शोधली. मला या गोष्टीचं फार बळ वाटतं.

या पद्धतीचं म्हणणं असं की भावनेचा लोंढा आला की काय करायचं हे काहींना शिकायलाच मिळालेलं नसतं. ते शिकता येतं, पोहणं शिकतो तसं. त्यात चार भाग आहेत. आत्ता माझ्यात काय चाललंय हे बघणं, असह्य क्षण आणखी बिघडवल्याशिवाय काढणं, भावना ओळखून हाताळणं, आणि आपलं म्हणणं नातं आणि स्वाभिमान दोन्ही राखून मांडणं. किशोरवयीनांसाठी पुढे पाचवा भाग आला. 'मीच खरी' आणि 'तेच खरे' यांच्यामधली वाट काढायची, आणि ती पालकांनी मुलांबरोबर बसून शिकायची.

आमच्या गटात आठ मुली होत्या. गावातल्या समाजमंदिरात आठवड्यातून दोनदा, शाळा सुटल्यावर बसायचो. व्याख्यान नाही. पहिली गोष्ट थांबणं. रागाने अंग थरथरायला लागलं की थंड पाण्यात तोंड बुडवून थोडा वेळ श्वास धरायचा, त्याने छातीतली धडधड उतरते. विहिरीवरून बादली आणून आम्ही हे करून पाहिलं. (ज्या मुलीला हृदयाचा आजार आहे तिला हे करायला सांगू नये.) राग लाटेसारखा चढतो आणि उतरतो, हे मी समजावत होते, तर एक मुलगी म्हणाली, "बाई, लाट फुटान गेल्याशिवाय होडी लोटूची नसता." माझं अर्ध्या तासाचं भाषण तिने एका वाक्यात संपवलं.

दुसरी गोष्ट साखळी. वर्गात बाक ढकलला, तर त्याच्या आधी काय झालं, त्याच्या आधी काय, त्याच्याही आधी काय, हे खडूने जमिनीवर एकेक कडी काढत मागे जायचं. पुष्कळदा पहिली कडी पहाटेची निघते. आई मासळीच्या लिलावाला गेलेली, धाकटा भाऊ रडतोय, चूल पेटलेली नाही, शाळेला उशीर, दारात उभं केलं, सगळे हसले. बाक ही शेवटची कडी. शाळेला दिसते ती तेवढीच.

तिसरी गोष्ट मागणं. आधी घडलेलं सांगायचं, मग मला काय वाटतं ते, मग मला काय हवंय ते स्पष्ट, आणि शेवटी मी काय द्यायला तयार आहे ते. याचा सराव नाटकातून. इथल्या मुलींना ते शिकवावं लागत नाही. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, उभ्या उभ्या रचायचे असतात, हे त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं. फक्त तिथे बायांची कामं पुरुष करतात, आमच्याकडे मुली बाप झाल्या. आणि काय बाप झाल्या! हसून हसून डोळ्यांत पाणी आलं. नंतर लक्षात आलं की आठही बापांना एकच संवाद होता, 'गप बस.'

या आठांतली एक नववीतली. वडील पर्यटकांच्या बोटीवर, आई मासे विकते. तिने वर्गात कंपासपेटी फेकली, ती शिक्षकांच्या कपाळाला लागली. त्याआधी खिडकीची काच, त्याआधी एका मुलाचं नाक. शाळेने सांगितलं, पुढच्या वर्षी दुसरीकडे बघा. एक शिक्षक मला म्हणाले, "मुलगा असता तर समजू शकलो असतो." आई म्हणाली, "गाऱ्हाणा घालून झाला, नारळ देवन झालो, काय एक फरक नाय." ओरोसच्या सरकारी रुग्णालयात दाखवलं. विरोधी वर्तनाचा विकार असं निदान झालं. औषधाची गरज नाही, समुपदेशन आणि कौशल्यं शिकवा, असं डॉक्टरांनी सांगितलं.

ती भराभर शिकली. दोन महिन्यांत शाळेतून एकही तक्रार आली नाही. शिक्षक खूश, आई खूश. मी माझ्या वहीत लिहिलं, 'लक्षणीय सुधारणा'. एका बैठकीत तिचं उदाहरणही दिलं, टाळ्याही घेतल्या.

मग एका संध्याकाळी ती गटात आली आणि कोपऱ्यात बसून राहिली. विचारलं तर सांगितलं, काल पपांशी बोलले. आपण बसवलं होतं तसंच बोलले. काय बोललीस म्हटलं, तर तिने शब्दन् शब्द म्हणून दाखवला.

"पपा, मे महिन्यात मी आत्याकडे मुंबैक रवलंय. थय सकाळपासना रातीपर्यंत काम करूचा लागला. माका भीती वाटता, माझी शाळा सुटतली म्हणान. माका धावी करूची हा. परीक्षा झाल्यावर आपण परत बोलूया."

मैत्रिणींनो, मी हे पहिल्यांदा ऐकत होते. नववी झाली की तिला आत्याचं बाळ सांभाळायला मुंबईला पाठवायचं ठरलं होतं. मे महिन्याची सुट्टी ही त्याची रंगीत तालीम होती. कंपासपेटी जूनमध्ये फेकली गेली. मी साखळी शिकवत होते, पण शाळेच्या दारापर्यंतच मागे गेले. त्यापलीकडच्या कड्या मी विचारल्याच नाहीत, कारण शाळा शांत झाली होती आणि शांतता हाच माझा निकाल होता.

"मग पपा काय म्हणाले?"

मोबाईलवरून मान वर न करता ते 'बघूया' म्हणाले होते. तिकीट आधीच काढलेलं होतं. तिने आरडाओरडा केला नाही, भांडं फेकलं नाही. परसात गेली, तोंड पाण्यात बुडवलं, परत येऊन भाकऱ्या भाजल्या. हे सगळं सांगून झाल्यावर ती माझ्याकडे बघून म्हणाली,

"बाई, मी शिकलंय. पण बापाशीक कोण शिकवतलो?"

मला उत्तर आलं नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण मी काय केलं होतं ते मला कळलं होतं. तिच्याजवळ एकच हत्यार होतं, ओबडधोबड का असेना. ते मी काढून घेतलं आणि तिला मऊ आवाज दिला. आणि मऊ आवाज ऐकायची त्या घरात कुणाला सवयच नव्हती. फेकलेल्या पेटीने निदान चार माणसं जमा झाली होती.

आपल्या चळवळीतल्या काही जणी मला विचारतात, 'तू मुलींना सहन करायला शिकवतेस की काय? हेच तर आपल्या आज्या शिकवत आल्या.' प्रश्न रास्त आहे, आणि त्या रात्री तो माझ्या उरावर बसला. पण मग मी राग तसाच राहू द्यायचा का? मला आपल्याच चळवळीची गोष्ट आठवली. १९७२ साली चंद्रपूर जिल्ह्यात, आता तो भाग गडचिरोलीत येतो, मथुरा या आदिवासी मुलीवर पोलीस चौकीत बलात्कार झाला. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडलं. १९७९ साली उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि वसुधा धागमवार या चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. १९८० मध्ये बायका रस्त्यावर आल्या, १९८३ मध्ये कायदा बदलला. त्या पत्रात संताप नव्हता का? होताच. पण तो मुद्द्यांत मांडलेला होता, आणि पत्रामागे शेकडो बायका उभ्या होत्या. माझ्या मुलीने मुद्दे मांडले. तिच्यामागे कुणी नव्हतं. चूक कौशल्यात नव्हती. ते तिच्या एकटीच्या डोक्यावर देऊन मी मोकळी झाले, ही चूक होती.

हे पुस्तकांतही होतं, मी घाईत वाचलं होतं. अमेरिकेत ओरेगॉनमध्ये जेराल्ड पॅटरसन यांनी वर्षानुवर्षं घरांत बसून निरीक्षण केलं आणि १९८२ साली मांडलं की आरडाओरडा एकटं मूल शिकत नाही, दोन्ही बाजू एकमेकांना शिकवतात. आई ओरडते, मुलगी दुप्पट ओरडते, आई थकून सोडून देते. मुलगी शिकते की दुप्पट ओरडलं की सुटका होते. दुसऱ्या दिवशी आई एकदम हात उगारते, मुलगी गप्प होते. आई शिकते की मारलं की काम होतं. म्हणून या विकारांत पालकांना शिकवणं हा उपचाराचा भक्कम भाग मानला जातो. २००२ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास तर मुलींच्याच सुधारगृहातला आहे, अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातला. तिथे लिनेहान यांची पद्धत आणली. ज्या विभागातल्या कर्मचाऱ्यांना नीट, सविस्तर प्रशिक्षण मिळालं तिथे मुलींचं त्रासदायक वागणं कमी झालं, आणि कर्मचाऱ्यांनी दिलेल्या शिक्षाही कमी झाल्या. दुसऱ्या विभागात मुलींच्या वागण्यात फरक पडला नाही. मोठे शिकले तिथेच मुली बदलल्या.

मग आम्ही काय केलं? आधी मी त्या मुलीची माफी मागितली. तिच्या परवानगीने तिच्या आईशी बोलले. आईने खाली मान घालून सांगितलं की नणंदेने बोटीच्या दुरुस्तीला पैसे दिले होते. पोर पाठवायची ती त्याची परतफेड. आता ही कडी कुठल्या मानसशास्त्राच्या पुस्तकात सापडणार? आईच्या बचत गटातल्या बायका बसल्या. गटाने कर्ज दिलं, नणंदेचे पैसे हप्त्याने फेडायचं ठरलं. चार बायका आणि मुलीचे मामा वडिलांकडे गेले. कायद्याचा आधार शोधला तर शिक्षणहक्काचा २००९ चा कायदा सहा ते चौदा वर्षांपुरता, म्हणजे आठवीपर्यंतच. कोकण मंडळ दहावीच्या निकालात राज्यात पहिलं येतं याचा आपल्याला अभिमान आहे. परीक्षेला न बसलेल्या मुली त्या टक्केवारीत मोजल्या जात नाहीत, हे वडिलांना त्या बायकांनीच सांगितलं. मी फक्त बसून होते.

वडील शिकले का? फार नाही. पण तिकीट रद्द झालं. आणि आई शिकली. मुलगी बोलत असताना हातातली सुरी खाली ठेवायची, एवढं एकच आम्ही तिला सांगितलं होतं. शाळेनेही एक ऐकलं. उशीर झाला तर दारात उभं न करता आधी आत बसवायचं, मग विचारायचं.

मुलगी दहावीला बसली, पास झाली.

आता तुम्हा कार्यकर्त्यांसाठी काही ठोस गोष्टी. अशी मुलगी तुमच्याकडे आली तर कौशल्यं शिकवायच्या आधी विचारा, ही कशाला 'नाही' म्हणतेय? घरात मारहाण किंवा लैंगिक अत्याचार असेल तर श्वास मोजायला शिकवणं हा दुसरा अत्याचार आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणं आपल्या प्रत्येकीवर बंधनकारक आहे. मुलीला तसं स्पष्ट सांगा, आणि पुढच्या प्रत्येक पायरीला तिच्याबरोबर राहा. मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे.

दुसरं, चिडचिडीमागे दुसरं काही आहे का ते तपासून घ्या. नैराश्य मुलींमध्ये पुष्कळदा चिडचिडीच्या रूपाने येतं. वाचन-लेखनाची अक्षमता असलेली मुलगी वाचायला उभी केली की बाक ढकलते. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात या अक्षमतेचा समावेश आहे आणि परीक्षेत सवलती मिळतात. मुलगी स्वतःला इजा करत असेल, मरायच्या गोष्टी बोलत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर. २०२२ पासून टेलि-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांकही आहे.

तिसरं, 'आम्ही काही तज्ज्ञ नाही' म्हणून मागे राहू नका. आपल्या शेजारी गोव्यात १९९६ साली सुरू झालेल्या 'संगात' या संस्थेने साध्या, प्रशिक्षित माणसांकडून समुपदेशन होऊ शकतं हे दाखवून दिलं आहे. त्यांनी दिल्लीच्या शाळांत किशोरवयीनांना अडचण मांडणं, पर्याय शोधणं, एक करून बघणं एवढ्याच तीन पायऱ्या शिकवल्या. २०२० साली आलेल्या निष्कर्षांत, मुलांनी स्वतः सांगितलेल्या अडचणी समुपदेशकाबरोबर बसलेल्यांच्या जास्त हलक्या झाल्या, नुसती पुस्तिका मिळालेल्यांच्या कमी. एकूण लक्षणांत मात्र तेवढा फरक दिसला नाही, हेही त्यांनी प्रामाणिकपणे मांडलं. बरोबर बसणारं माणूस लागतं, आणि ते आपण होऊ शकतो. पण जादू होत नाही.

चौथं, मोजमाप बदला. माझ्या वहीत आता 'तक्रारी किती कमी झाल्या' याच्या शेजारी दुसरा रकाना आहे, 'तिने काय मागितलं आणि तिला काय मिळालं'. पहिला रकाना भरला आणि दुसरा रिकामा असेल, तर मी उपचार केलेला नाही, फक्त गावाची झोप सांभाळली.

शेवटी एक सांगते आणि बसते. मध्यंतरी मी त्या मुलीच्या आईला बाजारात भेटले. आत्याचं कसं चाललंय विचारलं. आई म्हणाली, आत्याने दुसरी मुलगी आणलीय, घाटावरची आहे, गरीब आहे, गप्प असते. तिचं वय किती, मी विचारलं. आईने सांगितलं नाही. टोपलीतली सुरमई उलटी केली, बर्फ सारखा केला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे बघितलं.

ती मुलगी गप्प आहे, म्हणून तिला कुणी माझ्याकडे पाठवणार नाही. तिच्यापर्यंत कसं पोचायचं, हे चहानंतरच्या चर्चेत आपण आधी घेऊ या.